नियत आणि दानत

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

  

चिटणीससाहेबांनी आताच पंचवीस वर्षांचा अहवाल वाचून दाखविला. किती मुलांची फी भरली गेली, किती भगिनींना शिवणयंत्रे मिळाली, आजारपणात किती घरांना हातभार लागला, हे सर्व आपण ऐकले. ऐकून समाधान वाटावे असेच ते आकडे आहेत. आमच्याकडे मात्र मंडळींनी असा विषय सोपविला आहे की, ज्याचा आकडा कोणत्याच खतावणीत मांडता येत नाही. तो विषय म्हणजे नियत. एखादे काम आपण कशासाठी करतो, कोणासाठी करतो, मनात काय धरून करतो, याचा विचार म्हणजे नियतीचा विचार होय. पंचवीस वर्षांचे काम पदरी असताना आणि पुढच्या कामाचा संकल्प सोडताना हा विचार सर्वांनी मिळून एकदा करावा, एवढाच आमचा उद्देश आहे. शेवटी, ट्रस्टपुढे असलेल्या एका सूचनेविषयीही आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. ते कोणास रुचतील, कोणास रुचणार नाहीत. पण सर्वांनी ऐकून घ्यावेत अशी विनंती आहे.

आम्ही पडलो शाळामास्तर. मास्तरास विषय दिला की तो आधी शब्दाचा अर्थ सांगू लागतो. नियत हा शब्द अरबी. मनाचा निश्चय, हेतू, इरादा असा त्याचा अर्थ. मराठीत तो इतका जुना झाला आहे की खेड्यातील म्हातारीही ‘नियत तशी बरकत’ असे सहज म्हणून जाते. मात्र मराठीत या शब्दाची थोडी अडचण होते. त्यास विभक्तीचा प्रत्यय लावला की नियतीचा, नियतीने अशी रूपे होतात आणि ऐकणारास दैव आठवते. दैवाला नियती म्हणतात तो शब्द संस्कृत. त्याचा आणि आपल्या नियतीचा काही संबंध नाही. उलट दोहोंत मोठे अंतर आहे. दैव आपल्या हाती नाही; नियत मात्र पुष्कळशी आपल्याच हाती आहे.

दुसरा शब्द दानत. ‘त्याची देण्याची दानत नाही’ असे आपण म्हणतो. दान या शब्दाशी नाद जुळतो, म्हणून दानत हा शब्द तिकडचाच असावा असे पुष्कळांना वाटते. पण तो आला आहे दियानत या अरबी शब्दावरून. दियानत म्हणजे धर्मनिष्ठा, सचोटी. देण्याची दानत नसणे म्हणजे खिशात पैसा नसणे नव्हे. मनात सचोटी नसणे. आपल्या मराठी पूर्वजांनी हा शब्द उचलला तो चांगल्या अर्थाने, आणि तसाच तो जपला.

सगळ्याच शब्दांचे भाग्य असे नसते. खैर म्हणजे भले. खैरात म्हणजे भलेपणाची कृत्ये. आज मराठीत ‘खैरात वाटली’ असे म्हटले की दुसऱ्याच्या पैशावर केलेली उधळण डोळ्यांसमोर येते. जकात या शब्दाचे तर याहून नवल. इस्लाममध्ये जकात हा पाच स्तंभांपैकी एक. ठराविक मर्यादेपलीकडे शिल्लक असलेल्या सोने, चांदी, रोकड व व्यापारी मालावर वर्षाकाठी शेकडा अडीच या प्रमाणात गरजवंतांचा हक्क काढून द्यावयाचा. त्याने संपत्ती शुद्ध होते व वाढते. शुद्धी आणि वाढ असे दोन्ही अर्थ त्या शब्दात आहेत. हाच शब्द राज्यकारभारातून मराठीत आला तेव्हा तो वेशीवरचा कर झाला. नाक्यावर गाडी अडवून माल मोजणारा शिपाई, आणि कमी भरता येईल तर पाहावे अशा बेताने उभा असलेला गाडीवान, असे जकातीचे चित्र पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या मनात राहिले. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईतलीही जकात संपली. पण शब्दाला झालेली इजा भरून आली नाही. पैसा तोच, देणारा हातही तोच. मनातला हेतू निघून गेला की इबादतीचा कर कसा होतो, हे या एका शब्दात दिसते.

आता धर्म काय सांगतो ते पाहू. इमाम बुखारी (इ. स. 810 ते 870) यांनी हदीसचा आपला प्रसिद्ध संग्रह सिद्ध केला तेव्हा अगदी आरंभी जी हदीस घातली ती नियतीविषयीची आहे. हजरत उमर यांनी मिंबरवरून ती सांगितली, असे तेथे नमूद आहे. पुढे इमाम नववी (1233 ते 1277) यांनी निवडक हदीसांचे लहान पुस्तक केले. त्यातही पहिले स्थान तिलाच दिले. तिचा आशय असा की, कर्माचे मोल नियतीवर ठरते आणि ज्याने जे मनात धरले असेल तेच त्याच्या पदरी पडते. उदाहरण दिले आहे हिजरतचे. मक्केहून मदिनेस घरदार सोडून जाणे हा त्या काळचा सर्वांत मोठा त्याग. वाट तीच, ऊन तेच, वाळवंट तेच. पण कोणी निघाला असेल अल्ला व रसूल यांच्यासाठी आणि कोणी निघाला असेल काही ऐहिक लाभासाठी किंवा एखाद्या स्त्रीशी विवाह व्हावा म्हणून. तर प्रत्येकाची हिजरत ज्याच्या त्याच्या हेतूकडेच झाली. पाहणारास दोन्ही प्रवासी सारखेच दिसतील. म्हणून निवाडा पाहणाराच्या हाती ठेवलेला नाही.

आपल्या रोजच्या इबादतीतही हाच नियम आहे. रमजानात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य करणारा रोजेदार, आणि घरात शिधा नाही म्हणून उपाशी राहिलेला माणूस, दोघांचे पोट सारखेच रिकामे असते. वैद्याने लंघन सांगितलेला रोगीही दिवसभर खात नाही. यांतला रोजा कोणता हे नियतीवरून ठरते. वुजूच्या बाबतीत तर आपल्या फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, फार बारीक विचार केला आहे. माळव्यात बहुतेक मंडळी हनफी मताची. कोकणातील मुसलमान शाफई मताचे. शाफई मताप्रमाणे वुजू करताना नियत असणे फर्ज आहे. हनफी मताप्रमाणे ती सुन्नत आहे. पण पाणी न मिळाल्यास कोरड्या मातीने तयम्मुम करतात, तेथे हनफीही नियत फर्जच मानतात. असे का? पाणी स्वभावतःच स्वच्छ करणारे आहे. मनात काही नसले तरी ते मळ धुते. माती स्वभावतः मळविणारी. तिच्या स्पर्शाने माणूस पाक होतो तो केवळ नियतीमुळे. मुलांना हे समजावून सांगताना आम्हांस नेहमी वाटते की, थोडके साधन आणि गरीब सामग्री असलेल्या माणसासाठी यात केवढा दिलासा आहे!

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. नियतीचे स्थान हृदय आहे, जीभ नव्हे. पुष्कळ जण नमाजापूर्वी नियतीचे शब्द मोठ्याने म्हणतात. मन एकाग्र व्हावे म्हणून कोणी म्हटले तर म्हणो. पण तोंडाने शब्द आणि मनात दुकानाचा भाव असेल तर ती नियत झाली नाही. तसेच, ज्याच्या मनात नेक काम करावयाचे पक्के होते आणि जो परिस्थितीमुळे ते करू शकला नाही, त्याच्याही नावे पुण्य लिहिले जाते, असा दिलासा पैगंबरसाहेबांनी दिला आहे. आज सभागृहात अशा भगिनी बसल्या असतील की ज्यांना ट्रस्टला शंभर रुपयेही देता आले नाहीत आणि त्याची चुटपुट ज्यांना लागून राहिली आहे. त्यांनी मान खाली घालू नये.

नियतीच्या शुद्धतेला आपण इख्लास म्हणतो, आणि तिला लागणारी कीड म्हणजे रिया, अर्थात दिखावा. कुराणातील ‘माऊन’ ही लहानशी सूरत आपल्या मुलांनाही पाठ असते. नमाज पढतात पण दाखविण्यासाठी पढतात, आणि शेजाऱ्याला घरातली किरकोळ वस्तू वापरावयास देताना मात्र ज्यांचा हात आखडतो, अशांची तीत कडक निर्भर्त्सना आहे. इबादतीचा दिखावा आणि शेजारधर्मातला कंजूषपणा ही दोन्ही एकाच ठिकाणी सांगितली, हे ध्यानात घ्यावे. ‘बकरा’ सूरतमध्ये दान देऊन मग ते बोलून दाखविणाराची तुलना एका गुळगुळीत खडकाशी केली आहे. वर मातीचा पातळ थर असतो. पाऊस येतो आणि खडक उघडा पडतो. त्याच सूरतमध्ये थोडे आधी चांगल्या दानाला एका दाण्याची उपमा आहे: त्यातून सात कणसे यावीत आणि प्रत्येकात शंभर दाणे भरावेत. आपण माळव्यातील माणसे. काळ्या मातीत पेरलेला गहू आणि खडकाळ बरडीवरचा गहू यांतला फरक आपल्याला वेगळा शिकवावा लागत नाही. पाऊस दोन्हीकडे एकच पडतो. खाली माती किती खोल आहे, यावर पीक ठरते.

मौलाना रूमी (1207 ते 1273) यांच्या मसनवीत हजरत अलींची एक कथा आहे. रणांगणावर त्यांनी शत्रूस खाली पाडले आणि ते शेवटचा वार करणार, तोच तो त्यांच्या तोंडावर थुंकला. हजरत अलींनी तलवार खाली टाकली. शत्रू चकित झाला. तेव्हा त्यांनी सांगितल्याचा भाव असा की, आतापर्यंत आम्ही खुदासाठी लढत होतो. आता आमचा स्वतःचा राग त्यात मिसळला. या कथेचे मर्म असे की, आरंभी नियत चांगली होती एवढ्याने भागत नाही. काम चालू असतानाच ती बदलू शकते. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या वडीलधाऱ्यांनी हा ट्रस्ट स्थापन केला त्यांची नियत साफ होती, हे आपण जाणतो. पण त्यांची नियत आपल्याला वारशाने मिळत नाही. इमारत मिळते, ठेवी मिळतात, सही-शिक्का मिळतो. नियत ज्याची त्याला नव्याने करावी लागते.

आता रोजच्या जीवनाकडे वळू. नियत ही मशिदीपुरती गोष्ट आहे असे समजणे मोठी चूक होईल. इमाम गझाली (1058 ते 1111) यांनी आपल्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात नियतीसाठी स्वतंत्र प्रकरण घातले आहे. त्यांनी दिलेला एक दाखला अत्तराचा आहे. जुम्म्याच्या दिवशी एकाने अत्तर लावले ते आपली श्रीमंती दिसावी म्हणून. दुसऱ्याने लावले ते मशिदीचा अदब राखावा आणि शेजारी बसणारास घामाचा त्रास होऊ नये म्हणून. कुपी एक, किंमत एक, सुगंध एक; पण एकास ती ओझे झाली आणि दुसऱ्यास पुण्य झाली. याच न्यायाने मुलांना पोटभर मिळावे म्हणून पहाटे उठून भाकऱ्या थापणारी आई, बाजाराच्या दिवशी काटा सरळ धरणारा दुकानदार, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलापाशी जाऊन वही पाहणारा शिक्षक, यांचे साधे काम इबादत होऊ शकते. माप घेताना भरून घेणारे आणि देताना कमी देणारे यांच्यावर कुराणात एक संपूर्ण सूरत सुरू होते. म्हणजे काट्याची दांडी हासुद्धा धर्माचाच विषय आहे.

आपल्या देवासचीच दोन उदाहरणे घ्यावीत. उस्ताद रजब अली खाँसाहेब देवासला राहिले आणि 1959 साली पैगंबरवासी झाले. 1954 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. रिया आणि रियाज हे शब्द कानाला जवळचे वाटतात, पण अर्थाने ते एकमेकांचे वैरी आहेत. रिया म्हणजे लोकांसाठी केलेले. रियाज म्हणजे कोणी ऐकत नसताना केलेले. कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन 1948 साली देवासला आले. गाणे बंद, बिछान्यावर पडून राहणे, अशी वर्षे त्यांनी काढली; त्याच वर्षांत खिडकीबाहेरून येणारी माळव्याची लोकगीते ते कानांनी टिपीत राहिले. त्या वेळी समोर मैफल नव्हती, टाळ्या नव्हत्या, आपण पुन्हा गाऊ अशी खात्रीही नव्हती. पुढे जग ज्या गाण्यावर लुब्ध झाले त्याची बीजे या एकांतात पडली. कलावंताची गोष्ट वेगळी, असे म्हणू नये. ज्या कामाला प्रेक्षक नाही ते आपण कसे करतो, यावरून नियत ओळखावी, हा नियम सर्वांना सारखा आहे.

दुसरे उदाहरण पाण्याचे. देवासची पाणीटंचाई आपल्यापैकी प्रौढांनी भोगली आहे. 1990 साली शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले. खेड्यांत नळकूप खोल खोल जात राहिले आणि कोरडे पडत राहिले. 2006 साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने भगीरथ कृषक अभियान सुरू झाले, आणि शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीचा तुकडा देऊन, बहुतांशी आपल्याच पैशाने तळी खोदली. टोंक कलाँसारख्या गावांत पावसाचे पाणी शेतातच थांबू लागले. या तळ्यांना ‘रेवा सागर’ असे नाव मिळाले. शेतकऱ्याने तळे खोदले ते आपल्या पिकासाठी, यात संशय नाही. आणि त्यात गैरही काही नाही. पण तळ्यात साठलेले पाणी बांधाखालून झिरपते आणि शेजाऱ्याच्या विहिरीतही उतरते. त्यावर पक्षी येतात, गुरे येतात. आपण लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले तर ते लावणाराचे दानच होय, असे पैगंबरसाहेबांनी सांगितले आहे. तळे खोदतानाच शेतकऱ्याने शेजाऱ्यासाठीही मनात जागा ठेवली, तर त्याच खड्ड्याचा सदका-ए-जारिया, म्हणजे वाहते पुण्य होते. खर्च एक पैशानेही वाढत नाही. हजरत उस्मान यांनी मदिनेत रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, ही हकिगत आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती वाचावयाची ती यासाठी.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, ‘मग झाले तर! नियत साफ असली की सर्व साधले.’ येथे मात्र थांबावयास हवे. आमच्या मते आज नियतीवर सर्वांत मोठे संकट कोणते असेल, तर ते ती सबब म्हणून वापरण्याचे. काम बिघडले की ‘आमची नियत चांगली होती’. पावती मागितली की ‘आमच्या नियतीवर शंका घेता काय?’ इमाम गझालींनी स्पष्ट सांगितले आहे की, नियतीच्या जोरावर पाप पुण्य होत नाही. गैरमार्गाने मिळविलेल्या पैशातून मशीद बांधली म्हणून तो पैसा शुद्ध ठरत नाही. परीक्षेत मुलांना नक्कल करू देणारा मास्तरही म्हणतो की, गरिबांची पोरे आहेत, पास झाली तर कुटुंबाचे भले होईल. त्याच्या मनात दया असेल. पण तो त्या मुलांची शिदोरीच चोरीत असतो.

हिशेबाची गोष्ट तर धर्माने अगदी स्पष्ट केली आहे. कुराणातील सर्वांत लांब आयत कोणती? ती नमाजाविषयी नाही, रोजाविषयी नाही. ती उधारीच्या व्यवहाराविषयी आहे: देणेघेणे लिहून ठेवा, लिहिणाराने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये. ही आज्ञा ज्यांना झाली त्यांच्याहून आपली नियत अधिक साफ आहे असे कोण म्हणेल? खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांच्याविषयी सांगतात की, रात्री सरकारी कामाचे बोलणे संपून घरगुती गोष्टी निघाल्या की ते खजिन्याच्या तेलाचा दिवा मालवीत आणि स्वतःचा दिवा लावीत. आपल्या शेजारच्या महेश्वरी अहिल्याबाई होळकर (1725 ते 1795) यांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या दानधर्माचा खर्च खासगीच्या उत्पन्नातून होत असे आणि दौलतीचा खजिना वेगळा राही. दोघांचे धर्म वेगळे, देश वेगळे, काळात हजार वर्षांचे अंतर. पण दोघांनीही जाणले होते की, नियत मनात असते आणि तिचा पुरावा वहीत असावा लागतो. ज्याची नियत साफ आहे त्याने वही उघडी ठेवावी. त्याला त्यात कमीपणा वाटू नये.

दुसरे पथ्य असे की, नियतीची तपासणी स्वतःची करावी, दुसऱ्याची नव्हे. अमक्याने देणगी दिली ती निवडणुकीसाठी, तमक्या बाईंनी शिवणयंत्र दिले ते नाव व्हावे म्हणून, अशी कुजबुज प्रत्येक संस्थेत होते. दुसऱ्याच्या हृदयात डोकावण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही. दुसऱ्याच्या बाबतीत आपण काम पाहावे आणि हिशेब पाहावा. हृदयाची परीक्षा आपल्यापुरती.

आता त्या सूचनेकडे येतो. रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत यंदा शिष्यवृत्ती व मदत घेणाऱ्या मुलांची नावे त्यांच्या छायाचित्रांसह छापावीत, म्हणजे देणगीदारांचा विश्वास वाढेल, अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. सूचना करणारांच्या हेतूविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण निर्णयापूर्वी आमच्या पाहण्यात आलेली एक गोष्ट आपण ऐकावी.

एका संस्थेची मंडळी एका शाळेत वह्या व दप्तरे वाटावयास आली होती. मुलांना ओळीने व्यासपीठावर बोलावीत, दप्तराची एक बाजू पाहुण्यांच्या हाती, दुसरी मुलाच्या हाती, आणि छायाचित्र. आठवीतला एक मुलगा आपले नाव पुकारले गेले तेव्हा पुढे आलाच नाही. मागच्या दाराने तो निघून गेला. घरची परिस्थिती अशी की त्याला वह्यांची खरोखर गरज होती. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा बराच वेळ तो बोलेना. मग म्हणाला, “सर, मागच्या वर्षीचा फोटो मोबाईलवर फिरला. अब्बांच्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांनी त्यांनाच दाखवला. त्या रात्री अब्बा जेवले नाहीत.” एवढे सांगून तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

त्या संस्थेची नियत वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. वह्या चांगल्या होत्या, पैसाही कष्टाचा असेल. पण बापाच्या तोंडचा घास काढून घेणारे दान कोणासाठी झाले, याचा विचार व्हावयास हवा. उजव्या हाताने दिलेले डाव्या हातास कळू नये, असे आपल्याला शिकविले आहे. येथे उजव्या हाताने दिलेले साऱ्या मोहल्ल्याला कळले.

कोणी म्हणेल, मग देणे उघड करूच नये काय? तसे नाही. कुराणात उघड दानही चांगलेच म्हटले आहे, आणि गुप्तपणे गरजवंतापर्यंत पोचविलेले दान त्याहून चांगले म्हटले आहे. उघड दानाने दुसऱ्यास उत्साह येतो. म्हणून देणाराचे नाव छापण्यास आमची हरकत नाही. घेणाराचे छापण्यास आहे. आमची नम्र सूचना अशी. देणगीदारांची नावे त्यांची संमती असल्यास अकारविल्हे छापावीत; रकमेच्या उतरत्या क्रमाने नकोत, म्हणजे पन्नास रुपये देणारी विधवा आणि पन्नास हजार देणारा व्यापारी शेजारी-शेजारी बसतील. मदत घेणारांची फक्त संख्या, वर्गवारी व एकूण रक्कम छापावी. नावांची नोंदवही दोन विश्वस्तांकडे व लेखापरीक्षकाकडे राहावी. तपासणी पुरी व्हावी, पण पुकारा होऊ नये. आणि तपासलेला हिशेब दरवर्षी सर्व सभासदांना, धारला व देवासला दोन्हीकडे, वाचून दाखवावा. देणगीदारांचा विश्वास वाढावयाचा तो चोख हिशेबाने वाढू द्या. मुलांच्या खाली घातलेल्या मानांनी नको.

नाव राहावे ही इच्छा माणसास असते. तिचा आम्ही उपहास करीत नाही. पण धार जिल्ह्यातल्या मांडूला गेल्यावर होशंगशहाच्या कबरीच्या दारावरील लेख अवश्य पाहावा. ही संगमरवरी इमारत पंधराव्या शतकातली. शहाजहानच्या कारकिर्दीत नावाजलेले शिल्पकार उस्ताद हमीद आणि त्यांचे सोबती 1659 साली येथे आले, जुन्या कारागिरांना मान देऊन गेले आणि तशी नोंद दगडावर करून गेले. पाहावयास आलेल्यांची नावे दारावर आहेत. ज्यांनी घुमट उभारला, ज्यांचा एकेक दगड बसविताना कस लागला, त्यांची नावे कोणी सांगत नाही. तरी घुमट उभाच आहे, आणि थोर उस्तादही त्यापुढे अदबीने उभे राहिले.

मुलांनो, तुमच्यासाठी एकच वाक्य सांगतो, कारण एवढा वेळ शांत बसलात हेही एक नेक कामच झाले. कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी, मग तो अभ्यास असो, आजीला पाणी देणे असो की नमाज असो, क्षणभर थांबून स्वतःला विचारा: हे मी कोणासाठी करतो आहे? आणि काम संपल्यावर पुन्हा एकदा तेच विचारा. दोन्ही वेळा एकच उत्तर आले तर समजा की दिवस चांगला गेला.

वडीलधाऱ्यांनी लावलेले हे झाड पंचवीस वर्षांचे झाले. त्याची सावली घेणारांना आपण कोणाच्या सावलीत बसलो आहोत हे विचारावे लागू नये, आणि त्याला पाणी घालणारांना कोणी पाहते आहे काय हे वळून पाहावे लागू नये, अशी अल्लातालापाशी आमची दुआ आहे. सूचनेचा विचार आम्ही विश्वस्त मंडळींवर सोपवितो.